चौदा नंबरची कोरडी तोर्तिया

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास एर्मितासने तोर्तिया टेबलावर ठेवली, तेव्हा ठक असा आवाज झाला.

बटाट्याच्या ऑम्लेटचा असा आवाज येता कामा नये, असं तिच्या मुलीचं, साबेलाचं, गेली वीसएक वर्षं म्हणणं होतं. या बाबतीत सगळं गाव साबेलाच्या बाजूने होतं. पोन्तेवेल्यात तोर्तियाला सुरी लागली की आतून पिवळं वाहायला लागलं पाहिजे, ते पावाने टिपून घेता आलं पाहिजे, आणि टिपताना माणसाने थोडा वेळ बोलायचं थांबलं पाहिजे. कांदा घालणाऱ्यांशी गाव सोयरीक करत नसे. एर्मितासच्या तोर्तियात कांदा नव्हता, एवढीच तिची जमेची बाजू. बाकी ती वाहत नसे, टिपता येत नसे, आणि कापायची तर कोपर टेबलावर रोवावं लागे.

"घरात करवत आहे का?" साबेलाने विचारलं.

"तुझ्या वडलांची होती. माळ्यावर असेल. काढ हवी तर." एर्मितासने निळ्या बशीतून एक तुकडा मुलीच्या ताटात सरकवला. "खा आणि सांग. कशी झालीय?"

"कोरडी."

"हं," एर्मितास म्हणाली. आणि समाधान झाल्यासारखी खुर्चीत टेकली.

ही प्रश्नोत्तरं दर रविवारी अशीच होत, चर्चमधल्या प्रार्थनेसारखी. कोणी काय म्हणायचं ते ठरलेलं. यानंतर एर्मितास विचारणार, "अजून एक तुकडा?" आणि साबेला म्हणणार, "नको आई. पुरे." तसं त्या रविवारीही झालं. मग एर्मितासने भांडी विसळायला घेतली आणि लाकडी चमचा उजेडात धरून बघितला.

"याची कड झिजली. असू दे. ऑगस्ट येतोच आहे."

ऑगस्टच्या सोळा तारखेला गावाचा संत सान रोके याचा सण. त्या दिवशी चौकात तोर्तियाची स्पर्धा होते आणि शेवटच्या क्रमांकाला उत्तेजनार्थ लाकडी चमचा देतात. तो चमचा एर्मितास गेली चौतीस वर्षं घरी आणत होती. साबेलाला कळायला लागल्यापासून ती त्या दिवशी चौकाच्या बाजूला फिरकत नसे.

"तुला लाज नाही वाटत, आई?"

"कसली? चमचे चांगले असतात."

साबेलाची बस चार चाळीसला होती. ला कोरुन्या शहरातल्या एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची, आणि पिशवीत कोणा इतिहासकाराची दोनशे पानं तिची वाट बघत होती. एर्मितास खिडकीत उभी राहून भांडी पुसायचं फडकं हलवत राहिली. साबेलाने वर बघितलं की नाही, हे तिला नंतर कितीही प्रयत्न करून आठवलं नाही.

सोमवारी सकाळी पावाच्या दुकानातल्या रांगेत, पुढे दोनच माणसं उरलेली असताना, एर्मितास खाली बसली ती उठली नाही. रांगेतल्या लोकांनी तिचा नंबर मात्र जाऊ दिला नाही. साबेला घरी पोचली तेव्हा टेबलावर कागदात गुंडाळलेला पाव होता, आणि तो अजून कोमट होता.

दफन झालं. साबेलाने दीड महिन्याची रजा घेतली आणि आईचं घर आवरायला बसली. दुःख करण्याचे जे प्रकार तिने पुस्तकांतून वाचले होते, त्यातला एकही तिला जमत नव्हता. रडू येत नव्हतं, झोप व्यवस्थित लागत होती. म्हणून तिने साफसफाई सुरू केली. ड्रॉवरमध्ये रिबिनी बांधलेले चमचे निघाले. तिने ते मोजले, कड झिजलेल्या त्या चमच्यासकट. तेहेतीस. चौतीस वर्षं आणि तेहेतीस चमचे, हा हिशेब तिला लगेच लागला. एका वर्षी औषधवाल्याच्या बायकोने तोर्तियात दोनदा मीठ घातलं होतं आणि एर्मितास खालून दुसरी आली होती. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून रडली होती. बारा वर्षांच्या साबेलाला तेव्हा वाटलं होतं, बिचारीचं काय हे, चमचासुद्धा मिळाला नाही.

चमचे झाले आणि मग तिला तवा दिसला. खोलगट, लोखंडी, आजीच्या वेळचा, बुडापासून कडेपर्यंत काळाकुट्ट. साबेलाने तारेची घासणी घेतली आणि दोन तास तो घासला. शेवटी तो चांदीसारखा लखलखायला लागला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी पुरं केल्यासारखं तिला वाटलं.

समोरच्या दारातली ओब्दुलिया तेवढ्यात सूप घेऊन आली. ती विधवा बाई एर्मितासची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिने तव्याकडे बघितलं आणि सुपाचं भांडं खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली.

"एका महिन्यात या घरात दुसरं मरण," ती म्हणाली.

"स्वच्छ केला फक्त, सेन्योरा ओब्दुलिया."

"पोरी, साठ वर्षं मुरलेला तवा होता तो. याला कधी पाणी लागलं नव्हतं. तुझ्या आईने याला तिच्या सासूपेक्षा जपलं." ओब्दुलियाने तव्यावर बोट फिरवून बघितलं, मेलेल्या माणसाच्या कपाळावर फिरवावं तसं. "असू दे. तुला काय माहीत. तू पुस्तकातली."

'पुस्तकातली' हा शब्द साबेलाला लागला. तो आयुष्यभर लागत आलेला होता, पण आधी तो लागला की पलीकडे आई हसायची.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. उत्सव समितीकडून, एर्मितासच्या नावाने: आपला अर्ज मिळाला, आपला क्रमांक चौदा, तोर्तिया झाकून दुपारी एकपर्यंत चौकात आणावी. साबेला पत्र घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. तिथे डॉन एलादिओ राहत. नगरपालिकेत एकतीस वर्षं खिडकीमागे बसून ते निवृत्त झाले होते आणि आता उत्सव समितीचे अध्यक्ष होते. खिडकी नगरपालिकेने ठेवून घेतली होती, बाकी सगळं ते घरी घेऊन आले होते. जेवणाच्या टेबलावर शिक्का होता, शाईची पेटी होती, आणि समोरच्याला बसायला खुर्ची नव्हती.

"नाव मागे घ्यायचंय," साबेला म्हणाली.

"स्पर्धकाने स्वतः येऊन सही करायची. नियम सात."

"डॉन एलादिओ, आई वारली. तुम्ही शवपेटीला खांदा दिलात."

"दिला. तो शेजारी म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला, कारण एर्मितास त्यांनाही आवडायची. "समिती म्हणून मला अजून काही कळवण्यात आलेलं नाही."

साबेला वर गेली, मृत्यूचा दाखला घेऊन आली. त्यांनी तो पूर्ण वाचला, शिक्का मारला, फाईलला लावला.

"आता समितीला कळलं. समिती तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण मेलेल्या स्पर्धकाने नाव मागे घेण्याबद्दल नियमांत काही नाही. आणि जे नियमांत नाही ते मला करता येत नाही."

"मग काय होईल?"

"एक वाजता लाऊडस्पीकरवरून नाव पुकारलं जाईल. तीनदा. मग 'गैरहजर' असं जाहीर होईल."

चौतीस वर्षं न चुकता आलेली बाई सगळ्या गावासमोर गैरहजर. चौकात ते तीन पुकारे तिला आत्ताच ऐकू यायला लागले.

"नियम नऊ आहे," डॉन एलादिओ हळूच म्हणाले. "स्पर्धक तात्पुरती असमर्थ असेल तर घरचं कोणीही तिच्या वतीने करू शकतं. मी तसं लिहू शकतो."

"तात्पुरती?"

"नियमात कायमची हा शब्द नाही."

त्यांनी लिहिलं. साबेलाने सही केली, आणि जाता जाता 'असमर्थ' मधला राहिलेला रफार पेनाने घातला. तेवढंच तिच्या हातात होतं.

आता प्रश्न असा होता की साबेलाने उभ्या आयुष्यात तोर्तिया केलेली नव्हती. चाळिसाव्या वर्षी पोन्तेवेल्याच्या बाईने हे कबूल करणं म्हणजे वाचता येत नाही असं कबूल करणं. तिने आपल्या परीने सुरुवात केली. वाचनालयातून सात पाकपुस्तकं आणली. एक म्हणत होतं बटाटे मंद आचेवर तळा, दुसरं म्हणत होतं कडकडीत तेलात, तिसरं म्हणत होतं की ते अनुभवाने समजतं. सातांमध्ये मिळून तिला छपाईच्या एकोणीस चुका सापडल्या आणि तोर्तिया कशी करायची ते सापडलं नाही.

पहिली तोर्तिया लखलखीत तव्याला अशी धरून बसली की उलथन्याला हार मानावी लागली. ओब्दुलियाने दारातून बघितलं.

"तवा मुरवावा लागेल. तेल, जाडं मीठ, बटाट्याची सालं. धूर निघेपर्यंत तापवायचा."

"किती धूर?"

"कळेल तुला."

साबेलाला कळलं. तिच्या वरच्या मजल्यालाही कळलं, आणि समोरच्या इमारतीतल्या कोणालातरी इतकं कळलं की त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला. दोन जवान शिरस्त्राणं घालून जिन्यात आले तेव्हा साबेला ॲप्रन घालून, हातात चिमटा धरून उभी होती. चाळीस वर्षांत एवढे पुरुष एकदम तिच्या दारात आले नव्हते. आईच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी हे होणं तिला शोभून दिसेना.

"काय जळतंय?" मोठ्या जवानाने विचारलं.

"काही नाही. तवा मुरवतेय."

जवानाने शिरस्त्राण काढलं. तव्याजवळ जाऊन त्याने वास घेतला आणि मान हलवली. "सालं लवकर काढलीत. माझी सासू कोळसा होईपर्यंत ठेवते." मग पाच मिनिटं तो सासूबद्दल बोलला, दुसऱ्याने त्यात आपल्या आत्याची पद्धत घातली, ओब्दुलियाने दोघींना वेड्यात काढलं, आणि साबेलाच्या स्वयंपाकघरात तिला सोडून सगळ्यांची चर्चा रंगली. खाली फिरता दिवा लावून गाडी उभी होती. जाताना मोठा जवान म्हणाला, "एर्मितासची मुलगी ना तुम्ही? वाईट झालं. आम्ही चौकात तिच्या नावाने टाळ्या वाजवायचो. सगळ्यात जास्त टाळ्या तिला पडायच्या." आपल्या आईला सगळ्यात जास्त टाळ्या पडतात हे साबेलाला माहीत नव्हतं.

धूर जाईना, म्हणून खिडकी उघडी राहिली. खिडकी उघडी होती, म्हणून साबेला तिथल्या मोकळ्या हवेत उभी राहून तोर्तिया उलटवायला लागली. उलटवणं हा यातला खरा धर्मसंकटाचा क्षण. तव्यावर बशी पालथी धरायची, एक हात बशीवर, एक दांड्यावर, आणि मनगट एका झटक्यात फिरवायचं. यावर ओब्दुलियाचा सल्ला होता की डोळे मिटावेत. पाववालीचा, की श्वास रोखावा. जवानाच्या सासूचा, की सगळं खांद्यातून यावं. साबेलाने डोळे मिटले, श्वास रोखला, आणि खांद्यातून झटका दिला.

निळी बशी तिच्या हातात राहिली. तोर्तिया राहिली नाही.

ती इमारतीच्या मधल्या चौकोनातून खाली गेली. पहिल्या मजल्याच्या दोरीवर डॉन एलादिओंचा पांढरा शर्ट वाळत होता, वर्षातून एकदा सणाच्या दिवशी घालायचा, आणि तोर्तिया त्याच्या छातीवर बसली. पाच मिनिटांनी दारावर थाप पडली. डॉन एलादिओंनी शर्ट हँगरसकट आणला होता.

"यावर मी तक्रार लिहू शकतो," ते म्हणाले. "पण ती मलाच द्यावी लागेल." त्यांनी शर्टावरचा पिवळा ओघळ बोटाला लावून चाखला. थांबले. "हे कोणी केलं?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी परत बोट लावलं. "पातळ आहे. बरोबर पातळ आहे."

आणि इथून इमारतीला रोग लागला. एर्मितासच्या घरातून पातळ तोर्तिया येऊ शकते, हे एकदा सिद्ध झाल्यावर कोणी स्वस्थ बसेना. कोणी गावाकडून अंडी आणली, कोणी भावाच्या शेतातले बटाटे. पाववाली दुकान बंद करून येऊन बसायला लागली. साबेला दिवसाला दोन करत होती, आणि ऑगस्टच्या चौदा तारखेला जी झाली ती कापल्यावर बशीभर वाहिली. सहा माणसं पाव घेऊन टेबलाभोवती उभी होती आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही.

"एर्मितास पहिली येणार," शेवटी पाववाली म्हणाली. "चौतीस वर्षांनी. बाई बघायला नाही, पण नाव तर पुकारलं जाईल."

साबेलाला एकदम भरून आलं. तिने ते दुःख समजून मोकळं व्हायचं ठरवलं, पण तो अभिमान निघाला. आईला ती हेच देऊ शकणार होती. आयुष्यभर रविवारी 'कोरडी' म्हटल्याची भरपाई. फक्त ओब्दुलियाने आपला तुकडा अर्धा टाकला आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. तिने दार लावून घेतलं, खुर्ची ओढली, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"पोरी, एक गोष्ट मी पोटात ठेवलीय, आणि पोट आता म्हातारं झालंय. तू सहा वर्षांची असताना आजारी पडलीस, आठवतं?"

"दवाखान्याचं छत आठवतं. कुणाच्या तरी घरी अंडं बाधलं होतं."

"कुणाच्या तरी नाही. याच घरी. याच टेबलावर. तोर्तिया तुझ्या आईने केली होती."

साबेलाने टेबलाकडे बघितलं.

"ती निळी बशी आण," ओब्दुलिया म्हणाली. "आणि उलटी कर."

त्या बशीत साबेला जन्मभर जेवली होती. पंधरा दिवस तिने ती तव्यावर पालथी धरली होती, आणि दर वेळी तिचा जीव तोर्तियात होता, बशीत नव्हता. आता तिने ती उजेडात उलटी धरली. मागच्या बाजूला, चाळीस वर्षांच्या घासण्याने पुसट झालेलं, होतं: सान रोके, पहिला क्रमांक.

"एर्मितासइतकी पातळ तोर्तिया गावात कोणाला जमत नव्हती," ओब्दुलिया म्हणाली. "लोक रस्ता सोडून यायचे. मग तुझं ते झालं. नऊ दिवस तू शुद्धीत नव्हतीस. दहाव्या दिवशी ती सान रोकेसमोर गेली. मी बरोबर होते. बायका गुडघ्यांवर चालतात, मेणबत्ती देतात, केस देतात. ती म्हणाली, माझ्याकडे गर्व करावा अशी एकच गोष्ट आहे, ती घे. पोर वाचू दे. कच्चं अंडं पुन्हा माझ्या घरात वाढलं जाणार नाही, आणि दर वर्षी तुझ्या सणाला मी सगळ्या गावादेखत शेवटची येईन."

खिडकीबाहेर डॉन एलादिओंचा शर्ट पुन्हा धुऊन वाळत घातलेला होता. डाग गेला नव्हता.

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"ज्याच्यासाठी नवस, त्याला सांगायचा नसतो. सांगितला की फिटत नाही."

"मग आता का सांगताय?"

"कारण उद्या तू पहिली येणार आहेस," ओब्दुलिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मी फादरना विचारलं. म्हटलं, नवस माणसाबरोबर संपतो की घराण्याला लागतो? ते म्हणाले, बिशपच्या कार्यालयात अर्ज करावा लागेल, सप्टेंबरपर्यंत कळेल."

साबेला बशी हातात धरून बसली. औषधवाल्याच्या बायकोने दोनदा मीठ घातलं ते वर्ष तिला आठवलं. ती संध्याकाळ, स्वयंपाकघर, आईचा हुंदका. त्या वर्षी आई तिच्या खोलीत येऊन कपाळाला सारखा हात लावून बघत होती, ताप आहे का म्हणून.

"कशी करायची ती?" तिने विचारलं. "कोरडी."

ती करणं सोपं नव्हतं. पंधरा दिवसांत साबेलाचा हात पातळ तोर्तियाला वळला होता, आणि एर्मितासची कोरडी तोर्तिया जळलेली नसे. ती फिकट सोनेरी असे, गोल असे, फक्त आतपर्यंत घट्ट असे. पोन्तेवेल्यात तोर्तियाची वेळ प्रार्थनेने मोजतात. उलटवल्यावर एक 'नमो मरिये' आणि उतरवायची. एर्मितास मंद आचेवर दहा म्हणायची, एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा. इतकी वर्षं साबेलाला वाटायचं, आई आपली पुटपुटते, वय झालं.

सोळा तारखेला सकाळी साबेलाने डोळे उघडे ठेवून, श्वास घेत, मनगटातून तोर्तिया उलटवली. ती सरळ पडली. मग तिने म्हणायला सुरुवात केली. देवावर तिचा विश्वास नव्हता, पण मजकूर जसाच्या तसा असावा यावर होता, आणि चौथ्या खेपेला ती मध्येच अडकली. दारात उभ्या ओब्दुलियाने पुढचे शब्द दिले. पुढे दोघींनी मिळूनच म्हटलं. दहा झाल्यावर साबेलाने तोर्तिया निळ्या बशीत काढली आणि टेबलावर ठेवली. ठक असा आवाज झाला.

चौकात सतरा तोर्तिया मांडल्या होत्या. पाववालीने चौदा नंबरवरचं झाकण उचलून बघितलं आणि साबेलाकडे बघितलं, आणि पुन्हा झाकण ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते साबेलाला सहन करावं लागलं. पण खरा धोका वेगळाच निघाला. सतरा नंबर हा मादरिदहून निवृत्त होऊन आलेला एक गृहस्थ होता, आणि त्याने कांदा घातला होता.

ओब्दुलिया पांढरीफटक पडली. "आता हा शेवटचा येणार. पोरी, औषधवाल्याच्या बायकोसारखं होणार."

तीन परीक्षक सतरा नंबरभोवती घोटाळत होते. नियमांत कांद्याबद्दल काही नव्हतं, कारण नियम लिहिताना अशी वेळ येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. साबेला तिथे गेली. चाळीस वर्षांत तिने चौकात कोणाशी वाद घातला नव्हता. तिने सतरा नंबरचा एक तुकडा मागितला, खाल्ला, आणि शेजारी उभ्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पातळ आहे मात्र. आतून किती छान वाहतेय बघा. कांदा असला म्हणून काय, पातळपणा तर आपलाच आहे."

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं. त्या मादरिदच्या गृहस्थाने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. गावात येऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या बाजूने बोललेलं हे पहिलंच माणूस.

निकाल खालून वर जाहीर करायची पद्धत आहे. डॉन एलादिओ माइकसमोर उभे राहिले. छातीवर पिवळा डाग होता आणि तो त्यांनी उत्सवाच्या पट्ट्याने अर्धा झाकला होता. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, आणि जे लिहिलं होतं ते तसंच वाचलं, कारण त्यांना दुसरं काही करता येत नसे.

"सतरावा आणि शेवटचा क्रमांक. चौदा नंबर. तात्पुरत्या असमर्थ असलेल्या एर्मितास यांची तोर्तिया."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. साबेलाला वाटलं तो मोठा जवान असावा. मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या थांबेनात, आणि डॉन एलादिओंना सोळावा क्रमांक जाहीर करता येईना. ओब्दुलियाने रुमाल तोंडाला लावला आणि चर्चच्या दाराकडे बघून म्हणाली, "फिटलं बाबा. आता तिला मोकळी कर."

साबेलाने पुढे जाऊन चमचा घेतला. लाल रिबीन बांधलेला, गुळगुळीत, कड अजून कोवळी. डॉन एलादिओंनी वहीत तिची सही घेतली. 'स्वीकारणाऱ्याचं नातं' या रकान्यासमोर तिने 'मुलगी' असं लिहिलं आणि ते बरोबर आहे का म्हणून परत एकदा वाचून बघितलं.

निळी बशी परत आली तेव्हा तिच्यातल्या फक्त तीन बारीक फोडी गेल्या होत्या, एकेका परीक्षकाची एकेक. साबेला आणि ओब्दुलिया चर्चच्या पायऱ्यांवर सावलीत बसल्या. चौकात वाजंत्री सुरू झाली होती. साबेलाने एक तुकडा कापला, कोपर गुडघ्यावर रोवून, आणि खाल्ला. तो गिळायला वेळ लागला. नेहमीच लागायचा.

"कशी झालीय?" ओब्दुलियाने विचारलं.

"कोरडी."

ओब्दुलियाने मान हलवली. पुढचा प्रश्न विचारायचा तिला हक्क नव्हता आणि तिने तो विचारला नाही. त्या प्रश्नाची जागा तशीच मोकळी राहिली. साबेलाने बशी पुढे धरली, पायरीवरच्या रिकाम्या जागेकडे, आणि ओब्दुलियाला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, अजून एक तुकडा वाढ."